खिशातला हात

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, तरी थोरल्याने दुपारी तीन वाजता शटर अर्धं वर केलं, कारण आईला आवाज ऐकायचा होता. कसला आवाज, तर धाकट्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. धाकटा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याने अर्धवट सोडलेलं ते धूड थोरल्याने सात-आठ महिने चादरीखाली झाकून ठेवलं. मग आईने लकडा लावला. "पोराने शेवटचा हात ज्याला लावला, ते असं बेवारशासारखं पडू देऊ नकोस रे." सकाळ-संध्याकाळ तेच. नाही म्हणायला कारण तरी काय सांगणार? शेवटी थोरल्याने ते पुरं केलं, आणि आता फक्त चालू करून व्होल्टेज तपासायचं राहिलं होतं.

आई वाकून शटरखालून आत आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. बाहेरून एखाद-दुसरी सायकल गेल्याचा आवाज येत होता. आत सोल्डरचा आणि जुन्या धुळीचा वास. थोरल्याने पेटी पालथी केली, तळाचा पत्रा काढला आणि प्लग लावला.

आता हा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे बाजारातून आणावा आणि लावावा असली वस्तू नव्हे, बरं का. धाकटा गिटार वाजवायचा. त्याला आवाज हवा होता तो व्हॉल्व्हचाच, काचेच्या जुन्या नळ्यांचा. एका व्हॉल्व्हने वाढवलेला आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, असा चार वेळा वाढवत न्यायचा. तारेला बोट नुसतं लागलं तरी दुकानाच्या काचा थरथरायला हव्यात! त्याने नकाशा स्वतः काढला, पत्रा स्वतः कापला, ट्रान्सफॉर्मर भंगारातून शोधून आणला. "दादा, हा बोलायला लागला ना, की गल्ली उठून बसेल," म्हणायचा. असल्या पेटीत साडेचारशे व्होल्ट खेळत असतात. आणि प्लग काढला म्हणून ते लगेच जात नाहीत. कंडेन्सर पोटात वीज धरून बसतो. ती जिरवायला त्याच्यावर बोटाच्या पेराएवढा एक रेझिस्टन्स लावतात. मिनिटभरात तो सगळी वीज पिऊन टाकतो.

रेडिओ दुरुस्तीचं हे दुकान मुळात त्यांच्या वडिलांचं. त्यांनी दोघा पोरांना दोनच गोष्टी कान उपटून शिकवल्या होत्या. प्लग काढला की घड्याळ बघून मिनिट मोजायचं, मगच हात घालायचा. आणि पेटी चालू असताना हात घालायचाच झाला, तर उजवा. डावा खिशात. "दोन्ही हात आत गेले, की वीज या हातातून त्या हातात जाते," ते म्हणायचे, "आणि वाटेत काळीज लागतं." धाकटा हसायचा. "बाबा, लोकांना वाटेल हा काम करतोय की नाक्यावर उभा राहून शिट्ट्या मारतोय!" हसायचा, पण पाळायचा. अगदी काटेकोर पाळायचा, आणि हे थोरल्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

वर्षापूर्वी झालं होतं ते असं. एक गिऱ्हाईक घाईला आलं होतं. त्याच्या सेटला नेमका तसाच रेझिस्टन्स हवा होता, आणि थोरल्याने तो धाकट्याच्या पेटीतून उपटला. उद्या दुसरा आणून लावू. आणि विसरला. साफ विसरला, सांगायचंसुद्धा विसरला. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन परत येतो तो काय, धाकटा पेटीवर पालथा. दोन्ही हात आत. प्लग काढून टेबलावर ठेवलेला, आणि प्लगाशेजारी मनगटावरून उतरवलेलं घड्याळ. थोरल्याला एका क्षणात सगळं कळलं. त्याने प्लग उचलला आणि बोर्डात परत लावला. मगच तो ओरडला.

लोक धावून आले. प्लग चालू! जो तो हळहळला, काय हा वेंधळेपणा, चालू पेटीत दोन्ही हात घालतं का कोणी? थोरला मान हलवत राहिला. तेव्हापासून आई हेच म्हणायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. खरं सांगावंसं हजारदा वाटलं होतं थोरल्याला. पण आईला आता तो एकटाच उरला होता, आणि त्यालाही आई.

व्हॉल्व्ह तापले. काचेत नारिंगी उजेड दिसायला लागला आणि स्पीकरमधून बारीक सळसळ सुरू झाली. थोरल्याने डावा हात पँटच्या खिशात घातला आणि उजव्या हाताने मीटरच्या वायरीची सुई पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाशी टेकवली. बरोबर. दुसरा, बरोबर. तिसऱ्याकडे सुई नेली, आणि खिशात कोणीतरी त्याचा हात धरला.

त्याचा उजवा हात साडेचारशे व्होल्टमध्ये होता. दचकला असता, डावा हात बाहेर येऊन पत्र्याला लागला असता, तर खेळ खलास. तो जागच्या जागी गोठला. श्वास रोखून, इंच-इंच करत त्याने सुई बाहेर काढली. खिशातली बोटं थंड होती. त्याच्या बोटांत बोटं गुंतवून ती नीट बसली होती, आणि त्यांच्या टोकांना घट्टे होते. तारा दाबून दाबून गिटारवाल्यांच्या डाव्या हाताला पडतात ते.

मग एक बोट त्याच्या तळव्यावर टेकलं. उचललं. परत टेकलं. सावकाश, एकसारखं. थोरल्याने आपोआप मोजलं. साठ झाले आणि बोट थांबलं. थोडा वेळ गेला, आणि पहिल्यापासून सुरू.

"काय रे? चेहरा का असा पांढराफटक पडलाय?" आईने विचारलं.

"काही नाही... उकडतंय."

"वाजतंय की हे. नुसतं सूं सूं करतंय, पण वाजतंय." आईने डोळ्यांना पदर लावला. "किती हौस होती त्याला! पण मुलखाचा वेंधळा. बापाने एवढा जीव तोडून शिकवलं, आणि साधा प्लग काढायची अक्कल..."

खिशातली बोटं आवळली. इतकी, की थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने उजव्या हाताने प्लग काढला. सळसळ विरत गेली, काचेतला उजेड विझला, आणि दुकानात आवाजच उरला नाही.

"आई... तो वेंधळा नव्हता."

"म्हणजे?"

"प्लग काढलेला होता. त्याने काढला होता. मी परत लावला... तो गेल्यावर." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. रेझिस्टन्स, गिऱ्हाईक, टेबलावरचं घड्याळ, सगळं त्याने सांगून टाकलं. बोलताना तो लहान पोरासारखा रडत होता, आणि डावा हात अजून खिशातच होता.

आई ओरडली नाही, की तिने कपाळ बडवून घेतलं नाही. तिने पालथ्या पेटीकडे बोट दाखवलं.

"किती थांबायचं असतं प्लग काढल्यावर?"

"मिनिटभर."

"म्हणजे साठ."

"हो."

"तो थांबला असेल?"

"थांबला असणार, आई. घड्याळ काढून ठेवलं होतं त्याने."

आईने आपला उजवा हात मांडीवर ठेवला आणि तळवा उघडला. "वर्ष झालं," ती म्हणाली. "रात्री अंथरुणावर पडले, की कोणीतरी इथे बोट टेकवतं. साठदा. मग जातं. डॉक्टर म्हणाले, नाडी लागत असेल हाताला. मी रागवायचे रे त्याच्यावर... येतोस आणि एवढ्यात कशाला जातोस म्हणून. मला मेलीला कळलंच नाही तो काय सांगतोय ते. आणि मी उलट जगभर त्यालाच..."

तिची बोटं हळूच मिटली, कोणाच्या तरी हातावर मिटावीत तशी. त्याच क्षणी थोरल्याचा खिसा रिकामा झाला.

त्याने खिसा चाचपला. किल्ल्या आणि रुमाल, बस्स. वर बघतो तो आई उठली होती. उजवा हात अंगापासून जरा लांब धरून ती निघाली, रस्ता ओलांडताना आपण मुलाला धरून चालतो तशी. शटरपाशी थांबली. "डोकं सांभाळ," म्हणाली. थोरला आशेने पुढे झाला. पण ते त्याला म्हटलेलं नव्हतं. आई वाकून बाहेर गेली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्याला महिना झाला. आई त्याच्याशी बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट वाढते, समोर ठेवते, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेते. आतून तिचं बोलणं ऐकू येतं. बोलते, थांबते, परत बोलते. मधेच खुदकन हसते. थोरला दाराबाहेर उभा राहतो. गुन्हा कबूल केला की मन हलकं होतं म्हणतात, कुठलं काय! त्याच्यावर रागवायलासुद्धा कोणी उरलं नाही. धीर करून तो दार ढकलतो, तेव्हा आत दोघंही गप्प होतात.

अ‍ॅम्प्लिफायरही बिघडलाय. चालू केला की खर्जात घरघर करतो. कुठला तरी सोल्डरचा डाग सुटला असेल, उघडून बघायला हवा. थोरल्याने अजून उघडलेला नाही. चादर टाकून ठेवलाय.

काल सकाळी आईने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि नेहमीसारखी आत गेली नाही. खुर्चीला धरून उभी राहिली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. चेहरा अगदी शांत होता, मायेचाच म्हणावा असा.

"दादाला सांग, म्हणतोय, घरघरीला घाबरू नको," ती म्हणाली. "प्लग काढ आणि उघड पेटी. दोन्ही हातांनी सावकाश काम कर. घड्याळ बघायची गरज नाही... मिनिट तो मोजेल."