अकरा पराभवांची चोरी

"अनया पहिली? वरून पहिली?" नकुल इतक्या जोरात ओरडला, की हातातला सीरियलचा चमचा थेट दुधात बुडाला.

"खालून पहिली कशी असेल रे!" समोर बसलेली शेजारची सावनी म्हणाली. "बघ ना, चंद्रशेखर काकांनी आत्ताच नवं रँकिंग टाकलंय. एक नंबर, झकास जिराफ!"

झकास जिराफ ही नकुलच्या धाकट्या बहिणीची, दहा वर्षांच्या अनयाची टीम. ही बातमी नकुलला आनंदाची वाटायला हवी होती, पण त्याचं डोकंच चालेना. कारण तेरा सामन्यांपैकी अनया दहा हरली होती!

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावच्या मराठी मंडळानं यंदाच्या सुट्टीत मुलामोठ्यांसाठी ऑनलाइन फुटबॉलची लीग ठेवली होती. बाहेर जुलैचं ऊन मी म्हणत होतं आणि मुलांना घरात बसवून ठेवायला काहीतरी हवंच होतं. गेमचं नाव 'पॉकेट इलेव्हन'. त्यात आपण अकरा खेळाडू निवडायचे, कोण पुढे, कोण मागे ते ठरवायचं, आणि मग सामना कंप्युटर खेळतो. टीम आठ, आणि प्रत्येकीनं बाकीच्या सातांशी दोनदा खेळायचं, म्हणजे चौदा सामने. गेम फक्त गोल सांगायचा. कुठली टीम किती ताकदीची, हे चंद्रशेखर काकांची शीट सांगायची. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांचं म्हणणं असं, की ताकदवान टीमला हरवलं तर जास्त गुण, कच्च्या टीमला हरवलं तर कमी, हरलात तर शून्याच्याही खाली. मग सगळ्यांची बेरीज करायची आणि सामन्यांच्या संख्येनं भागायचं. पहिल्या चार टीम शनिवारी क्लबहाउसच्या मोठ्या पडद्यावर फायनल्स खेळणार होत्या.

"मी पाचवा आहे," नकुल कुरकुरला. "म्हणजे मी बाहेर आणि ही आत!"

तेवढ्यात जिन्यावरून धाड धाड पावलं वाजली आणि अनया खाली आली. हातात आईचा फोन, डोळे लाल.

"यशनं ग्रुपवर लिहिलंय," ती म्हणाली. "चीटर म्हणतोय मला. आणि सगळ्यांनी त्याला थम्ब्स अप केलंय!"

सावनीनं फोन घेतला. यश दोन्ही वेळा अनयाकडून हरला होता, तेव्हापासून त्याचं तोंड कडू झालेलं होतंच. पण त्याच्याखाली लीगचे प्रमुख सुमंत काकांचाही मेसेज होता. 'कोणी शीटमध्ये गडबड केली असल्यास शुक्रवारपर्यंत सांगावे. अन्यथा झकास जिराफ टीम रद्द करण्यात येईल.'

"मी काहीच नाही केलं!" अनयाला रडू फुटलं. "आय स्वेअर, दादा! मला ती शीट उघडतासुद्धा येत नाही!"

नकुल दिवसातून चार वेळा बहिणीशी भांडायचा, पण दुसऱ्या कुणी तिला चीटर म्हणावं हे त्याला मुळीच खपणारं नव्हतं. तो उठला आणि म्हणाला, "चला गॅरेजमध्ये!"

गॅरेजमध्ये बाबांचा पांढरा फळा होता. सावनीनं सगळे निकाल वाचले, नकुलनं काकांच्या पद्धतीनं गुण मांडले, आणि अनयानं पाय हलवत कॅल्क्युलेटर चालवला. तासाभरानं फळ्यावर आठ आकडे आले. पण एकही काकांच्या आकड्याशी जुळेना!

"तू भागाकार चुकवलास," सावनी म्हणाली.

"मी? कॅल्क्युलेटर तिच्याकडे होता!"

"मी बरोब्बर केलंय!" अनया खवळली. "आपल्या हिशेबात मी कितवी?"

नकुलनं मान खाजवली. "सातवी."

"तुला फायनलमध्ये जायचंय म्हणून मला खाली ढकलतोयस!"

"अगं बाई, गणित मी ढकलू शकतो का?"

सावनी मात्र फळ्याकडे एकटक बघत होती. तिला भांडणात रस नव्हता. "थांबा, थांबा! सुमंत काकांच्या टीमचा आकडा बघा. सातारा स्ट्रायकर्सनी अनयाला एकदा हरवलंय, एकदा तिच्याकडून हरलेत. त्यांचा तो जिंकलेला सामना पुसून टाकला तर?"

नकुलनं पुसला, पुन्हा भागलं. अजून थोडा फरक राहिलाच. मग सावनीनं अनयाचे दहाच्या दहा पराभव पुसले आणि आठही टीमचा हिशेब पहिल्यापासून केला. आता मात्र आठही आकडे काकांच्या आकड्यांशी जुळले, अगदी दशांश चिन्हापुढच्या आकड्यापर्यंत!

अनयानं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

"म्हणजे माझे तीनच सामने मोजलेत," अनया हळूच म्हणाली. "आणि तिन्ही मी जिंकलेले."

"तीनपैकी तीन! म्हणजे तू कधी हरलेलीच नाहीस. म्हणून तू पहिली!" नकुल म्हणाला. "पण दहा पराभव गेले कुठे? विजय चोरला तर समजू शकतो. पराभव कोण चोरतं, यार?"

शीट फक्त दोघांना बदलता यायची, चंद्रशेखर काका आणि सुमंत काका. चंद्रशेखर काका तर इतके काटेकोर, की पोह्यांत दाणे सगळ्यांना सारखे आलेत का ते बघायचे!

"सुमंत काका!" सावनीनं टाळी वाजवली. "ते अनयाकडून हरले होते ना? सातव्या टीमकडून हरलं तर गुण खूप कापले जातात. एक नंबरच्या टीमकडून हरलं तर थोडेच!"

"पण मग तेच तिला रद्द का करतायत?" नकुल म्हणाला, आणि सावनीचे हात खाली आले. जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता.

शेवटी सावनीनंच बेत आखला. अनयाचा चौदावा सामना गुरुवारी होता आणि तोही सावनीशीच. रोज संध्याकाळी सहा वाजता चंद्रशेखर काका निकाल भरायचे. "आपण त्या वेळी त्यांच्या घरी असायचं. अनया हरली, तर तो पराभव कोण आणि कसा चोरतं ते डोळ्यांनी बघायचं!"

"आणि मी जिंकले तर?" अनयानं विचारलं.

"मुळीच सोडणार नाही हं तुला," सावनी म्हणाली. अनयानं खूश होऊन मान डोलावली.

गुरुवारी अनयानं तीनदा टीम बदलली, दोनदा पुन्हा पहिल्यासारखी केली, आणि सावनीकडून सरळ चार-शून्य हरली. पावणेसहाला तिघं सायकली काढून निघाले. जायला निमित्त हवं होतं, ते आईनं आपणहून दिलं. गेल्या आठवड्यात काकांच्या घरून, कांचन काकूंकडून आलेला डबा परत द्यायचा राहिला होता. रिकामा डबा परत पाठवणं आईच्या शास्त्रात बसत नसल्यामुळे त्यात गरम शंकरपाळे होते. वाटेत त्यातले अकरा कमी झाले ती गोष्ट वेगळी.

"या, या!" काकूंनी दार उघडलं. "काका आत कंप्युटरला चिकटलेत. मी चहा टाकलाय, तुम्हाला सरबत देते."

मुलं गुपचूप काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून सुमंत काका बोलत होते. "अहो, पण कंप्युटर खोटं बोलत नाही ना चंदूशेठ! तुमच्या फॉर्म्युल्यात चूक नाही म्हणता, म्हणजे पोरांनीच काहीतरी केलंय."

"माझा फॉर्म्युला चुकणं शक्यच नाही," म्हणत काकांनी निकाल भरला. शून्य, चार.

एंटर दाबताच ती ओळ फिकट राखाडी झाली. काकांनी हात कीबोर्डवरून उचलून नजर फोनकडे वळवली होती आणि सुमंत काका तर फोनवर होते. कुणीही कशाला हात लावला नव्हता!

"गेला!" नकुल किंचाळला. "अकरावा पण गेला!"

काका दचकले, चष्मा नाकावरून घसरला. "अरे! तुम्ही कधी आलात?"

पण अनयाचं लक्ष पडद्यावर दुसरीकडेच होतं. मुलांना पाठवलेल्या रँकिंगमध्ये फक्त नावं आणि गुण असायचे. इथे झकास जिराफ या नावापुढे एक पिवळंधम्मक लिंबू काढलेलं होतं. बाकी सात टीमपुढे काहीच नव्हतं.

"काका, माझ्या नावापुढे लेमन का आहे?"

काकांनी लिंबाकडे बघितलं. मग राखाडी ओळीकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "अरे देवा!"

"काय झालं?" फोनमधून सुमंत काका ओरडले. "हॅलो? काय झालं?"

सरबताचा ट्रे घेऊन आलेल्या कांचन काकू ते लिंबू बघून हसतच सुटल्या. "अहो, तुम्ही तिला लिंबूटिंबू केलंत?"

"व्हॉट इज लिंबूटिंबू?" तिघांनी एकदम विचारलं.

"अरे, आमच्या लहानपणी नागपूरला लपाछपी खेळताना आई म्हणायची, धाकट्यालाही घ्या," काकूंनी सांगितलं. "मग तो व्हायचा लिंबूटिंबू. त्यानं सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, पण त्याच्यावर राज्य कधी येणार नाही. तो आउट झाला तरी आउट धरायचा नाही."

"जूनमध्येच केलं होतं मी," काका पुटपुटले. "म्हटलं, सगळ्यात लहान पोर आहे, हरल्यावर हिरमुसेल. म्हणून लिंबू असलेल्या टीमचा पराभव आपोआप वगळायचा, असं शीटला सांगून ठेवलं. ती इतकी हरेल आणि तरीही तीन सामने जिंकेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नंतर तर मी ते साफ विसरलो."

"लहान आहे हो ती, चांगल्या मनानंच केलंय," सुमंत काका फोनवर खो-खो हसत म्हणाले. "प्रश्न मिटला! आता तर ती पहिली राहिली तरी—"

"नाही!"

अनया एवढ्या मोठ्यानं ओरडली, की ट्रेमधलं सरबत हिंदकळलं.

"मी रोज सकाळी उठून टीम सेट करत होते," ती म्हणाली. "साताऱ्याशी पहिल्यांदा हरले तेव्हा मी रडले, काका. मग रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला आणि पुढच्या वेळी सुमंत काकांना हरवलं! आणि तुम्ही म्हणता, मी खेळतच नव्हते? मी हरले ते खरं नाही, तर जिंकले ते तरी खरं कसं? मला माझे अकरा लॉसेस परत पाहिजेत. सगळे!"

नकुलला आपल्या बहिणीचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. पण ते बोलून दाखवणं काही त्याला जमलं नाही, म्हणून त्यानं नुसतंच तिच्या खांद्याला ढोसलं.

चंद्रशेखर काकांनी चष्मा पुसला. "माझं चुकलं बाळा," ते म्हणाले, आणि त्यांनी लिंबू पुसून टाकलं. अकरा राखाडी ओळी एकामागून एक काळ्या झाल्या आणि झकास जिराफ पहिल्या जागेवरून घसरत घसरत थेट सातव्या जागेवर गेले.

"सेव्हन्थ!" अनयानं उडी मारली. "मी सेव्हन्थ आहे! दादा, यश आठवा गेला बघ!"

"गॅरेजच्या फळ्यावर हेच आलं होतं," सावनीनं काकांना सांगितलं. "शीट न उघडता."

"हातानं हिशेब केलात? आठही टीमचा?" काकांचे डोळे विस्फारले. "सुमंत, ऐकतोस ना? आता ग्रुपवर काय लिहायचं ते लिही. आणि नीट लिही!"

शनिवारी क्लबहाउस गच्च भरलं होतं. सामने सुरू होण्याआधी चंद्रशेखर काका माइकसमोर उभे राहिले. "तीस वर्षं मी कारखान्यात माल तपासायचं काम केलं," ते म्हणाले. "नको असलेला आकडा वगळायचा नाही, हे मी शेकडो तरुणांना दटावून शिकवलं, आणि या लीगमध्ये स्वतःच अकरा आकडे वगळले. आमची चोरी या तीन मुलांनी पकडली. आमच्यापेक्षा त्यांचं गणितही पक्कं आहे आणि मनही." सुमंत काकांनी सगळ्यांसमोर अनयाची माफी मागितली. यशनंही मागितली, पण आईनं कोपर मारल्यावर.

चौथा आलेला नकुल उपांत्य सामन्यात सावनीकडून सपाटून हरला, आणि सावनीनं लीग जिंकली. बक्षिसं वाटून झाली तेव्हा कांचन काकूंनी पर्समधून एक छोटंसं चकचकीत मेडल काढलं आणि अनयाला जवळ बोलावलं.

"हे आमच्या छोट्या प्लेयरला," त्या प्रेमानं म्हणाल्या. "खास मंडळाकडून!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. अनयानं मेडलकडे बघितलं. ते खरंच खूप सुंदर होतं. तिनं एकदा त्यावरून बोट फिरवलं, आणि मग ते काकूंच्या हातात परत ठेवलं.

"थँक यू काकू," ती म्हणाली, "पण सातव्या नंबरला मेडल नसतं."