रद्द झालेली बागेची सहल

"अहो, आई कुठेच नाहीये!"

बायको केबिनच्या दारात उभी होती. केस सुटलेले, धाप लागलेली. जावईबापू जेवायला जाण्यासाठी शर्टाची बटणं लावत होते, त्यातली वरची दोन तशीच राहिली.

"डेकवर असतील."

"सगळे डेक पालथे घातले. वाचनालय बघितलं, चहाची जागा बघितली. मावशी म्हणाली वर वारा खात बसलीय, तर वर नुसत्या रिकाम्या खुर्च्या!"

गोल खिडकीतून बंदर दिसत होतं, पण आता फार लांब. जहाज सुटून बराच वेळ झाला होता. जावईबापूंनी भीती चेहऱ्यावर मात्र येऊ दिली नाही.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण लग्नाच्या दिवशी चिकटलेली ही पदवी केस पिकले तरी सुटली नव्हती. ते विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करत. गोदाम जळलं की जाळलं, हार चोरीला गेला की कपाटातच आहे, हे शोधून काढणं हा त्यांचा धंदा. जावईबापू वाढलेल्या ताटाकडे आधी पुरावा म्हणून बघतात आणि मग जेवतात, अशी सासरी त्यांची थट्टा चाले. आज कुणालाच थट्टा सुचत नव्हती.

जहाजाची सुरक्षा अधिकारी पांढऱ्या गणवेशातली, शांत आवाजाची बाई होती. तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"जहाजातून उतरताना आणि चढताना प्रत्येकाला दाराशी कार्ड लावावं लागतं. तुमच्या सासूबाईंचं कार्ड आज एकदाही लागलेलं नाही. ते त्यांच्या केबिनमध्ये खणातच सापडलंय. म्हणजे त्या उतरल्याच नाहीत. त्या जहाजावरच आहेत."

"आणि सापडल्या नाहीत तर?"

"माझी माणसं एकेक दार उघडून बघतायत. तरीही सापडल्या नाहीत, तर कप्तानांना जहाज थांबवून पाण्यात शोध घ्यावा लागेल."

बंदराकडे परत का फिरत नाही, असं बायकोने विचारलं. तेव्हा बाई तितक्याच शांतपणे म्हणाली, "परत बंदराकडे कशाला फिरायचं? तिथे त्या नाहीतच ना." रडावं की ओरडावं हे बायकोला कळेना. जावईबापूंनी तिचा हात धरला, आणि याहून जास्त काही आपल्या हातात नाही याची त्यांना चीड आली.

या सगळ्याचं मूळ मेव्हण्यांच्या सहलींत होतं. निदान तेव्हा तरी सगळ्यांना तसंच वाटत होतं.

बायकोचे हे थोरले भाऊ. स्वभावाने वाईट नाहीत, पण व्यवस्था करायची फार हौस. क्रूझ ठरल्या दिवसापासून त्यांनी जहाजाच्या सहलींना नाकं मुरडली. "बसमध्ये मेंढरं कोंबतात आणि झेंड्यामागे फिरवतात! आपण आपलं स्वतंत्र बुकिंग करायचं." मग काय, प्रत्येक बंदरावरचे गाडीवाले, नाववाले, वाटाडे त्यांनी स्वतः धुंडाळले, लोकांनी दिलेले तारे मोजले, दोघातिघांशी घासाघीस केली. यात धोका एकच होता, आणि तो ते रोज जेवताना सगळ्यांना ऐकवत. "जहाजाची सहल लांबली तर जहाज थांबतं. आपली लांबली तर जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही. पुकारा होतो आणि सुटतं. तेव्हा वेळेवर!"

आजच्या बंदरावर त्यांनी दोन सहली घेतल्या होत्या. नावेतून गुहा बघायची सहल स्वतःसाठी, वहिनींसाठी, बहिणीसाठी आणि जावईबापूंसाठी. सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, यांच्यासाठी गाडीतून बागेची सहल. पहिल्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "बागेऐवजी मला माझ्या मैत्रिणीकडे नेऊन सोडशील का रे? आम्ही एकाच वॉर्डात नर्स होतो. ती तिथल्याच हॉस्पिटलमध्ये आहे." मेव्हणे म्हणाले, "आई, बुकिंग आता बदलत नाही. बाग सुंदर आहे गं, सगळ्यांनी पाच तारे दिलेत." बायको म्हणाली, "पुढच्या वेळी जाऊ." जावईबापू सूप पीत होते. मग वहिनींनी फोनवर गुहेचे फोटो दाखवायला काढले आणि विषय तिथेच संपला.

आज चौघं भल्या पहाटे गुहेकडे गेले. संध्याकाळी परत चढताना दाराशी असतानाच भोंग्यावर मावशींच्या नावाचा पुकारा ऐकू आला. मावशी लगबगीने खाली आल्या, पहाऱ्यावरच्या पोराशी हसतहसत काहीतरी बोलल्या आणि वर गेल्या. "जहाजावर असून मावशी हरवली!" असं म्हणून मेव्हणे केवढ्याने हसले होते. वर आल्यावर मावशींनी सांगितलं की गुडघे दुखत होते, म्हणून बागेला कुणीच गेलं नाही. मेव्हण्यांचं तोंड तेवढं उतरलं.

आता ते सुरक्षा कार्यालयाच्या बाहेर येरझाऱ्या घालत होते आणि वहिनी त्यांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन फिरत होत्या.

जावईबापू सासूबाई आणि मावशींच्या केबिनमध्ये गेले. दोन पलंग, दोन्ही नीट लावलेले. मावशी एकाच्या कडेला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना आणि सासूबाईंना पाठमोरं बघितलं तर त्यांच्या आईलाही ओळखता आलं नसतं. पांढरे आखूड केस, तसाच जाड चष्मा, तशीच किंचित वाकलेली मान.

"मावशी, बागेला का गेला नाहीत?"

"माझे गुडघे. ताई म्हणाली, तू नाहीस तर मीही नाही."

"म्हणजे तुम्ही दोघीही उतरला नाहीत."

"एक पायरीसुद्धा नाही, जावईबापू."

"मग दिवसभर काय केलंत?"

"मी इथे झोपले. ती वर जाऊन बसली."

"शेवटचं कधी बघितलंत?"

"घड्याळ कोण बघतंय सुट्टीत?" मावशींनी नजर उचलली नाही. घाबरलेल्या माणसाचा आवाज चढतो. मावशींचा आवाज खाली बसला होता. जावईबापूंना हे खटकलं.

ते न्हाणीघरात गेले. आरशाखाली मावशींचा ब्रश, मावशींचं तेल. सासूबाईंची कवळी ठेवायची निळी डबी कुठे दिसेना. ती डबी त्या फक्त झोपताना वापरत. तासाभरासाठी वारा खायला जाणारं माणूस ती घेऊन जात नाही. आणि जीव द्यायला निघालेलं माणूसही नाही.

त्यांना जरा बरं वाटलं. लगेच त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली, कारण अजून काहीच सिद्ध झालं नव्हतं.

बाहेर मेव्हण्यांना त्यांनी गाठलं. "बागवाल्याचा काही निरोप आला होता?"

"आला ना! जहाज सुटता सुटता." मेव्हण्यांनी फोन पुढे केला. "निर्लज्ज माणूस! सहल झालीच नाही आणि विचारतो, कशी वाटली, किती तारे देता? माझा तर असा संताप झाला!"

"मागच्या बंदरावर पावसामुळे आपण एक सहल सोडून दिली. तेव्हाही तारे मागितले होते?"

"नाही. तेव्हा नुसतं आलं होतं, आपण आला नाहीत म्हणून." मेव्हणे थांबले. "का हो?"

जावईबापू सरळ सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेले.

"संध्याकाळी मावशींच्या नावाचा पुकारा कशासाठी झाला होता?"

बाईने पडद्यावर बघितलं. "त्यांचं कार्ड सकाळी बाहेर गेलेलं दिसत होतं. परत आलेलं नव्हतं. पण त्या तर आतूनच आल्या. म्हणाल्या, चढताना गर्दीत यंत्र वाजलं नसेल, आणि कार्डही कुठेतरी पडलं. चेहरा फोटोशी जुळवला आणि नवं कार्ड दिलं. रोज एखादं तरी असं होतंच."

"तेवढं एकच नाव राहिलं होतं?"

"एकच. त्या हजर झाल्या आणि आम्ही जहाज सोडलं."

"मावशींना इथे बोलावता? आणि पाण्यात शोध घ्यायचं इतक्यात कप्तानांना सांगू नका."

छोट्याशा कार्यालयात सगळे दाटीवाटीने उभे राहिले. मावशींना खुर्ची दिली. जावईबापू चौकशीत कधी आवाज चढवत नसत. आजही त्यांनी चढवला नाही.

"मावशी, आम्हाला तुम्ही सांगितलंत की पायरीसुद्धा उतरला नाहीत. पहाऱ्यावर सांगितलंत की बाहेर जाऊन आलात. दोन्ही खरं असू शकत नाही."

मावशींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पहिलं खरं आहे. तुम्ही इथेच होतात. बाहेर गेलं ते तुमचं कार्ड, आणि ते घेऊन गेल्या सासूबाई. दाराशी पोराने फोटो बघितला, पांढरे केस आणि चष्मा बघितला आणि जाऊ दिलं. खाली बागेची गाडी उभीच होती. गाडीवाल्याने त्यांना बागेऐवजी हवं तिथे सोडलं, त्याचं काम पूर्ण झालं, म्हणूनच तर त्याने तारे मागितले. ग्राहक आलाच नसता तर त्याने मागितले नसते."

"पण दुसऱ्याचं कार्ड कशाला?" वहिनींनी विचारलं. "स्वतःचं घेऊन गेल्या असत्या तरी काय बिघडलं असतं?"

"संध्याकाळी त्यांच्या नावाचा पुकारा झाला असता. आपण चौघंही धावत खाली उतरलो असतो आणि त्यांना शोधून, हाताला धरून परत आणलं असतं. म्हणून पुकारा अशा नावाचा व्हायला हवा होता, की ज्या नावाचं माणूस जहाजावर हजर असेल. मावशी खाली आल्या, हिशोब जुळला, जहाज सुटलं. मेव्हणे, जहाज कुणासाठी थांबत नाही हे तुम्ही रोज सांगत होतात. सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतलं."

मेव्हण्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे आई कुठेय?"

"कवळीची डबीसुद्धा बरोबर आहे, म्हणजे मुक्कामाला गेल्यात. या शहरात त्यांचं ओळखीचं माणूस एकच आहे. त्यांनी तुम्हाला एका दिवसासाठी सोडायला सांगितलं होतं. मी तिथेच सूप पीत होतो."

बायकोने मावशींच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. "मावशी, जिवंत आहे ना गं ती? एवढंच सांग."

तेव्हा मावशींचा बांध फुटला. "आहे गं बाई, आहे. तुझा चेहरा बघून दहादा तोंडावर आलं होतं. पण शपथ घातली होती तिने, जहाज लांब जाईपर्यंत बोलायचं नाही म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "त्या दोघींनी मिळून किती माणसांना शेवटचं पाणी पाजलं असेल, त्याची गणती नाही. ज्यांचं कुणी नाही, त्यांच्या उशाशी या बसायच्या. तेव्हाच ठरलं होतं, आपल्यातली जी आधी जाईल तिच्या उशाशी दुसरीने बसायचं. डॉक्टरांनी आशा सोडलीय. एका दिवसाने काय होणार होतं? तू एक दिवसही दिला नाहीस रे," त्या मेव्हण्यांना म्हणाल्या, "आणि तिला तर संपेपर्यंत थांबायचं होतं."

मेव्हणे एकदम सुरक्षा अधिकाऱ्याकडे वळले. "जहाज फिरवा. आत्ताच्या आत्ता. काय लागेल ते सांगा."

"जिवाला धोका असता तर कप्तानांनी फिरवलं असतं," बाई म्हणाली. "त्या सुखरूप आहेत, स्वतःहून उतरल्यात. आता फिरवता येणार नाही. पुढचं बंदर परवा. तिथून विमानाने जाता येईल."

रहस्य उलगडलं होतं. एरवी अशा वेळी जावईबापू कागद बंद करून चहा मागवत. आज उलगडून हाती काय आलं, तर सासूबाई कुठे आहेत हे कळलं आणि त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही हेही कळलं.

मावशींनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. जहाजाच्या फोनवरून बाईने नंबर जोडून दिला. बराच वेळ घंटा वाजली, कुणीतरी उचलला, कुणाला तरी बोलावलं. मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"बोल बाळा."

"आई!" बायकोने फोन दोन्ही हातांनी धरला. "आई, असं का गं केलंस? आम्हाला वाटलं तू..."

"मला माहीत होतं, असं काहीतरी वाटेल. मावशीला ओरडू नका. चूक माझी आहे."

"आम्ही येतो. परवा उतरतो आणि विमानाने येतो."

"परवा या." पलीकडे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, जड आणि थांबत थांबत येणारा. "परवापर्यंत ती टिकेल असं दिसत नाही. मग इथे मी एकटीच असेन. तेव्हा मला तुम्ही लागाल. आत्ता ठेवते, तिने माझा हात धरलाय आणि एका हाताने फोन सांभाळता येत नाही."

फोन बंद झाला. बायकोने तो कानाला तसाच धरून ठेवला. जावईबापूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खिडकीबाहेर नुसतं पाणी होतं आणि किनारा कुठल्या बाजूला राहिला हेही आता ओळखू येत नव्हतं.

थोड्या वेळाने बायकोने मान वर केली आणि सुरक्षा अधिकाऱ्याला विचारलं, "हे जहाज याहून जोरात जात नाही का हो?"

"नाही," बाई म्हणाली.