आत किती माणसं?

बसा रे. अंक छापायला गेला, आता घरी जाऊन काय दिवे लावणार आहात? माझ्या मित्राची गोष्ट ऐका. सरकारी मोजणीदार होता. मी ही छापायला दिली होती, संपादकांनी फाडली.

जिल्ह्याच्या भूगोल-इतिहासाचं नवं पुस्तक निघत होतं. कुठला डोंगर किती उंच, कुठली वस्ती कधी बसली, सगळं. माथ्याखालच्या शेवटच्या वाडीची नोंद याच्याकडे आली. अकरा वर्षांपूर्वी वरच्या खाणीचा कडा कोसळून ती अख्खी गाडली गेली होती. वरिष्ठ म्हणाले, लिहून टाक, वस्ती आधीच उठून गेली होती. कागदही तसाच होता, कारण तो यानंच केला होता. खाण सुरू व्हायच्या आधीच्या जनगणनेत चढ चढायचा कंटाळा आला, म्हणून पायथ्याच्या चहाच्या टपरीवर बसून यानं लिहिलं: माणसं शून्य. त्या शून्यावर खाणीला परवानगी मिळाली. मग मेलं कोण? कागदावर कोणीच नाही. एकाही साहेबाची झोप उडाली नाही. याची उडाली.

नऊ डिसेंबर, संध्याकाळचे सात वीस. निदान आता तरी जागा बघून खरं लिहावं, म्हणून कचेरी सुटल्यावर हा शेवटच्या वळणावर मोटारसायकल लावून चढला. दरडीपाशी एक म्हातारा कंदील घेऊन उभा होता.

"मोजायला आलात ना? फार उशीर केलात, साहेब."

खालच्या गावातला असेल, असं वाटून हा त्याच्या मागोमाग गेला. दगडमातीच्या जागी दारं दिसली. सगळी बंद. म्हाताऱ्यानं हातात खडू दिला. मोजणीची पद्धतच आहे ती. दारावर वर घराचा आकडा, खाली आतल्या माणसांचा.

यानं पहिलं दार वाजवलं.

"आत किती माणसं?"

"सहा."

लिहिलं. दुसरं दार. चार. तिसरं. नऊ... आवाज दबलेले. तोंडात माती असल्यासारखे. एका दारामागून लहान मुलगी बोलली.

"मी एकटीच."

यानं एक लिहिलं.

सत्तावीस दारं झाली. माणसं एकशे त्रेचाळीस.

"संपलं?" यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं खडू परत मागून घेतला.



"एक राहिलंय. ते आम्ही करतो."

कंदील विझला. समोर नुसती दरड.

दुसऱ्या दिवशी यानं एकशे त्रेचाळीस लिहून नेले. साहेबांनी आकडा खोडला, शून्य घातलं, म्हणाले, सही कर. पेन्शनला दोन वर्षं होती.

यानं सही केली.

रात्री नऊला मला फोन. "ये. माझंच दार वाजवायची हिंमत होत नाही."

मी गेलो. वहिनी घरातच होत्या, मुलगीही. कोणाला काही झालेलं नाही, आजही तिघं धडधाकट आहेत. दार मात्र पुसलं, घासलं, दोनदा रंगवलं. गेल्या महिन्यात नवंच बसवलं.

परवा बघून आलो.

वर अठ्ठावीस.

खाली शून्य. अक्षर याच्याच हातचं.