हरवलेले चाळीस व्होल्ट

महिपतीकाका उल्हासनगरहून बदलापूरला, खरवईच्या नव्या सोसायटीत पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काम साधंच होतं. नीलिमाताईंच्या मुलाने, राजसने, स्वतःच्या गिटारसाठी घरी बांधलेला, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या वाल्वचा अँप्लिफायर नीट वाजत नव्हता, आणि रविवारी त्याच्या मित्रांना तो त्याच्या फोटोसमोर वाजवायचा होता. राजसला जाऊन दोन महिने झाले होते. याच अँप्लिफायरवर काम करता करता गेला.

हे काम त्याला शिकवलं काकांनीच. पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, पहिला धडा ठरलेला. "एक हात खिशात ठेव, बेटा." दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून जातो.

काकांनी डावा हात खिशात घातला आणि उजव्याने मीटर लावला. उजव्या वाल्वला तीनशे चाळीस व्होल्ट. डाव्याला तीनशे, खरं तर दोन्हीकडे सारखेच हवेत. बंद करून त्यांनी वाल्वची अदलाबदल केली. वाल्व खराब असता तर दोषही त्याच्यासोबत उजवीकडे गेला असता. तो डावीकडेच राहिला. शेवटी दोन्ही वाल्व काढून ठेवले. आता आत करंट पिणारं कुणीच नव्हतं. तरीही डावीकडे चाळीस कमीच. खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता, आणि वाल्व नसताना गप्प असायला हवा तो स्पीकर बारीक घुंऽऽ करत होता. काकांना ते मुळीच आवडलं नाही.

"काका, एक विचारू?" नीलिमाताई दारातूनच म्हणाल्या. "प्लग काढलेला होता हो. मी स्वतः बघितला, लादीवर पडलेला. मग शॉक लागला कसा?"

काकांना उत्तर ठाऊक होतं. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. तो रिकामा करायला एक रेझिस्टर लावतात. राजसने त्याबद्दल विचारलं होतं, पण तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. "छोड ना, नंतर लावू," काका म्हणाले होते. नंतर ते साफ विसरले.

"त्याचे बाबा म्हणतात, बेफिकिरीने मेला. फोटोला हारसुद्धा घालत नाहीत. तुमचं ते ऐकतील." त्यांचा आवाज खाली गेला. "चूक राजसची होती का... खरंच?"

काका तसे पहिल्यापासून भित्रे.

"हो ताई. दोन्ही हात आत घातले त्याने. मी बजावलं होतं."

घुं बंद झाली. काकांनी मीटर लावला. उजवीकडे तीनशे चाळीस. डावीकडेही तीनशे चाळीस. कशालाही हात न लावता. खिशातला डावा हात मात्र गार पडला होता. त्यांनी रेझिस्टर गुपचूप लावला, वाल्व बसवले आणि चहा अर्धा टाकून निघाले.

दुकानात येऊन त्यांनी सहज मीटरची दोन टोकं उजव्या हाताच्या बोटांना लावली. शून्य. डाव्या हाताला लावली.

चाळीस.

त्यानंतर ज्याने ज्याने राजसचं विचारलं, त्याला काकांनी तेच उत्तर दिलं. दर वेळी आकडा चाळीसने वाढला. त्याचे बाबा, हरिचंद्र, फोनवर म्हणाले, "खरं सांगितलंत, बरं झालं." त्या दिवशी एकशे वीस झाला. बुधवारी तीनशे वीस.

गुरुवारी सकाळी काकांनी जीव मुठीत धरून बदलापूरला फोन लावला. आज सांगूनच टाकायचं होतं.

"बोला काका. वाल्व आता दोन्ही सारखे पेटतात. फक्त... मनातून जात नाही हो. चूक त्याचीच ना?"

काकांचे ओठ हलले. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.

"...त्याचीच, ताई."

फोन ठेवून ते मीटरकडे वळले. डावा हात खिशातून निघेना. आतून कुणीतरी तो घट्ट धरला होता, आणि त्या धरणाऱ्या बोटांच्या टोकांना गिटारच्या तारांनी पडलेले घट्टे होते.