परक्या बाईची चूल

मी तिखटमीठ लावून बोलतो, हे साऱ्या धावडा गावाला ठाऊक आहे. पण ही गोष्ट जशी घडली तशीच सांगतोय. खोटं वाटलं तर माझ्या रामकिसन काकाचा उजवा हात बघा. त्याची दोन बोटं कुठं गेली, ते त्यालाच विचारा.

तो सांगणार नाही. म्हणून मी सांगतो.

साल १९५३. मार्गशीर्ष महिना. धावड्याच्या वरचा अजिंठ्याचा डोंगर. आणि वेळ म्हणाल, तर रात्र नव्हती...

टळटळीत दुपार होती.

काकानं त्या साली डोंगरात लाकूडतोडीचं काम धरलं होतं. सोबत मेहुणा पुंजाराम आणि म्हातारा कारभारी. कारभाऱ्याची अर्धी हयात जंगलात गेलेली. द्वारका काकू दिवसांत होती, पोट अगदी खाली उतरलेलं. घरी बघायला कुणी नाही, म्हणून काकानं तिलाही वर आणलं.

मुक्काम कुठं टाकायचा, यावरून सकाळीच घोळ सुरू झाला.

वर एक उघडा खडक होता. वारा असा की अंगावरचं घोंगडं उडावं. आणि खाली, ओढ्याच्या काठाला, सागाच्या सावलीत...

तयार खोपी होत्या.

गवतानं शाकारलेल्या, कुडं धड, दारं उघडी. आत माणूस नाही. माणसाचा वाससुद्धा नाही.

पुंजारामाला आनंद झाला. सरकारनं आक्काच्या बाळंतपणाला बंगला बांधून दिला, असं म्हणून तो एका खोपीत जाऊन लोळूनही आला. कारभारी मात्र दारातच थांबला. त्याची नजर चुलीवर होती.

तीन दगडांची चूल. जशीच्या तशी.

आमच्याकडची डोंगराची रीत अशी, की मुक्काम हलला की ज्या बाईनं चूल मांडली तिनंच ती पायानं मोडायची आणि मागं न बघता निघायचं. मोडलेली चूल म्हणजे माणसं गेली. चूल उभी, म्हणजे घर अजून चालू आहे.

राखेत तर गवत उगवलंय, काका म्हणाला. वर्षानुवर्षं इथं कुणी जेवलेलं नाही.

"तरी बी घर हाय ते," कारभारी म्हणाला. "खोपीत ऱ्हायचं तर ऱ्हा. पर चुलीला हात लावू नको. त्यापरीस खडक बरा."

काकानं काकूच्या पायांकडं पाहिलं. सुजून उखळासारखे झाले होते. त्या खडकावर, त्या वाऱ्यात ती बाळंत झाली असती, तर दोघांतलं एकही हाती लागलं नसतं. त्याला दुसरं काही दिसेना.

पण दुसरीही एक रीत होती. पोटुशी बाई परक्या बाईच्या चुलीवर रांधत नाही.

मग काकानं काय करावं?

त्यानं खोपीतले तिन्ही दगड उपटले आणि ओढ्यात भिरकावले. नवे दगड आणायला वळला...

आणि पाखरं गप्प झाली.

एकदम. कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तशी.

मग वरच्या अंगाला कुऱ्हाडीचा घाव वाजला. ठक्. थोडं थांबून पुन्हा ठक्. चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुऱ्हाडी तर सगळ्या इथंच पडल्या होत्या.

घाव जवळ येऊ लागले.

पुंजाराम ओढ्यावर वाकून पाणी पीत होता. त्याच्या गालावर चपराक बसली. आवाज काठापर्यंत आला. तो हसत वळला.

"दाजी, मस्करी करून राह्यले का?"

काका त्याच्यापासून लांब, खोपीच्या दारात उभा होता.

दुसरा तडाखा बसला. पुंजाराम दात थुंकला. लाल पाणी ओढ्यातून वाहत गेलं. तिसऱ्या वेळी तो जमिनीवरून वर उचलला गेला. मान आवळलेली, पाय झाडतोय, आणि धरणारं...

कुणीच नाही.

मग तो सागाच्या बुंध्यावर आपटला. एकदा. पुन्हा एकदा. मोळी आपटावी तसा. खाली पडला तेव्हा त्याचा एक हात उलटा वळला होता.

ओढ्यातून एक दगड बाहेर आला. ओला, एका अंगानं काजळी धरलेला. पाणी निथळत हवेतून आला आणि पुंजारामाच्या छातीवर बसला. बरगड्या मोडल्याचा आवाज काकाला अजून विसरता आलेला नाही.

तेवढ्यात खोपीत काकू किंचाळली.

तिचे केस ताठ ओढले गेले होते. ती पाठीवर होती, दोन्ही हात पोटावर, आणि कुणीतरी तिला घरातून बाहेर काढावं तसं फरफटत दाराकडं नेत होतं. टाचांनी जमिनीवर चरे उठत होते.

काकानं कुऱ्हाड उचलली आणि तिच्या डोक्याच्या वरच्या रिकाम्या जागेत घातली.

कुऱ्हाड रुतली.

हवेत. मांसात रुतावी तशी.

तो ओढू लागला. पलीकडूनही कुणीतरी ओढू लागलं. मग दांडा गर्रकन फिरला, पातं वळलं, आणि काकाची दोन बोटं मातीत पडली.

"चूल मांड!" कारभारी ओरडला. "आधी चूल मांड त्यांची!"

काका ओढ्यात शिरला. दोन दगड हाताला लागले. ते त्यानं जागेवर ठेवले. काकूचं डोकं दाराच्या खांबावर आपटत होतं.

तिसरा दगड पुंजारामाच्या छातीवर होता.

काका त्याच्यापाशी गेला. पुंजारामाचे डोळे उघडे होते. श्वास चालू होता. दगडानंच रक्त दाबून धरलं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मागं काकूची किंकाळी बारीक होत चालली होती...

"काढा दाजी," पुंजाराम म्हणाला. "आक्काला बघा."

काकानं दगड काढला.

रक्तानं भरलेला तो दगड त्यानं चुलीला लावला, आणि काकूचे केस सुटले. सगळं थांबलं. पाखरं पुन्हा बोलू लागली.

पुंजाराम गेला होता. दोघांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला. काकानं हाताला धोतर गुंडाळलं, पायाला धरलं, सगळा जोर लावला. तो सडपातळ पोरगा जागचा हलला नाही. शेवटी काकूला धरून ते खडकावर चढले.

सांज झाली तेव्हा खाली सागातून धूर निघाला. चूल पेटली होती. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

काकू उठून खाली निघाली. काकानं तिला कमरेला धरून पाडलं. ती त्याला चावली, तिनं ओरबाडलं, पण त्यानं सोडलं नाही. रात्रभर असाच बसून राहिला, तिला दाबून, डोळे मिटून.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं वर गेली. खोपी होत्या. चुलीत उबदार राख होती. पुंजाराम नव्हता. रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता.

आठवडाभरात काकूला मुलगी झाली. धडधाकट.

त्यानंतर गावातून रोज सांजेला डोंगरावर एक धूर दिसायचा. बारीक, सरळ. काकू तव्यापाशी बसून आतूनच विचारायची, धूर हाय का? काका अंगणातून म्हणायचा, हाय. मगच ती जेवायची. भाऊ जेवायला बसला, असं ती पोरीच्या माघारी म्हणायची.

परवाच्या थंडीतली गोष्ट. मी अंगणात काकाजवळ बसलो होतो. सांज झाली. काकूनं विचारलं. काकानं वर पाहिलं...

डोंगर कोरा होता.

काकानं ओठ चावला. "हाय," म्हणाला.

आत काकू हसली. माहेरचं माणूस आल्यावर बायका हसतात तशी.

"खोटं कामून बोलता? त्यो तर इथं जेवून राह्यला."

आतून भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी पाणी प्यालं, लांब घोटांनी.

काका उठला नाही. मीही आत पाहिलं नाही. काकाची सहा वर्षांची पोरगी आत गेली होती. ती पळत बाहेर आली आणि म्हणाली, मामाला आणखी भाकरी पाहिजे.

तिला मामा होता, हे आम्ही तिला कधीच सांगितलं नव्हतं.