विमानाची उजवी बाजू

“माही पोरगी चोर नाई. एवढं तुमी आज संध्याकाळच्या सहाच्या आत शाबित करा.”

कुर्बान पेंटर खुर्चीवर बसलाच नाही. अमरावतीहून पहिली एसटी धरून तो अकोल्याला आला होता. मागे त्याची मुलगी अमरीन, तेवीस वर्षांची, छातीशी लॅपटॉप कवटाळून उभी होती. रात्रभर रडून डोळे कोरडे पडले होते, आणि कोरड्या डोळ्यांत आता नुसता राग होता.

सत्यवती इंगोलेने समोरचा चहा बाजूला सारला. अकोल्यात खाजगी तपास करणारी ही बाई आधी अठरा वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासत असे. कुठल्या दारावर नवा रंग मारून जुनी खोक लपवलीय, हे ती चार पावलांवरून सांगायची. दाराशी पाय हलवत बसलेला चंद्रभान म्हणजे तिच्या गाडीचा ड्रायव्हर. एसटीतून निवृत्त झालेला, आणि तिच्या मते डोक्याने तिच्यापेक्षा नेहमी चार थांबे मागे.

“काय चोरलं म्हणतात?” तिने विचारलं.

“विमान,” अमरीन म्हणाली.

चंद्रभानचा पाय थांबला.

अमरीनने लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवायचा एक सिम्युलेटर असतो. त्यातल्या विमानांना वरून रंगाची कातडी चढवता येते, तिला स्किन म्हणतात. पुण्याच्या एका कंपनीने स्पर्धा ठेवली होती : जे विमान इतिहासात कधी झालंच नाही, ते रंगवा. जिंकणाऱ्याला कंपनीत चित्रकाराची नोकरी.

“मी म्हनलं, समजा वऱ्हाडाचं सोताचं हवाई दल असतं तं?”

पडद्यावर नाकाला पंखा असलेलं जुन्या काळचं लढाऊ विमान उभं राहिलं. पोट काळ्या मातीचं. पाठ वाळल्या ज्वारीच्या रंगाची. अंगावर ठळक अक्षरांत ‘अंजनगाव तळ’, बाजूला नंबर २७, आणि शेपटीवर चोच उघडून ओरडणारी टिटवी.

“टिटवी काहून?” चंद्रभानने विचारलं.

“ते कोनालेच निवांत बसू देत नाई.”

चंद्रभानला हे फार पटलं. त्यालाही कधी निवांत बसता आलं नव्हतं.

शुक्रवारी अमरीनने विमान स्पर्धेत टाकलं आणि तासाभरात शिव्या सुरू झाल्या. हेच विमान बुधवारीच कोणी ‘वज्र’ नावाने टाकलं होतं. फक्त नंबर ६१. स्पर्धकाला आयोजकांनी दिलेला नंबरच अंगावर घालावा लागे, म्हणून तेवढा बदल. आयोजकांनी कळवलं : रविवारी सहापर्यंत पुरावा द्या, नाहीतर कायमची बंदी. मित्रांची साक्ष चालणार नाही.

आज रविवार होता.

“मूळ फाइल?” सत्यवतीने विचारलं.

“मी कामाले हाय त्या फ्लेक्सच्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर होती. मंगळवारी मालकानं तो पुसून टाकला. व्हायरस आल्ता म्हने.”

“आणखी कोणाकडे?”

“मूळ कोनाकडंच नाई. तयार विमान तेवढं तिघाइले सोमवारी देल्तं. मालक गोपालभाऊ. रोहित, तो उडवून पाहते, त्याचा निरोप आला का टाकनार होती. आन् इथली प्रतीक्षा, तिले मत इचारलं. नेटवर पाठवलं तं फुटते म्हनून पेनड्राइव्हवर देलं.” ती कडवट हसली. “आता नेटवर कुठंच तारीख नाई.”

सत्यवतीने दोन्ही विमानांचे फोटो शेजारी ठेवले. “ही धूळ कधी रंगवली?”

“सगळ्यात शेवटी. नाकापासून शेपटीपर्यंत, सगळ्याइच्या वरून.”

“६१ वर धूळ नाही.” तिने बोट टेकवलं. आकड्याभोवती एक चौकोन पुसल्यासारखा लख्ख होता. “नंबर मागून चिकटवलाय. पण नंबर तर सगळेच शेवटी टाकतात, म्हणतील. कुर्बानभाई, अक्षरांची ही जाड सावली सगळीकडे डावीकडे का पडते?”

“बरश तसा सुखानं फिरते, बाई. माह्या उस्तादानं मले तसंच शिकवलं. ज्याले ज्याले मी शिकवलं, त्याचा हात तसाच चालते.”

६१ ची सावली उजवीकडे पडली होती. हे चंद्रभानलाही दिसलं. पण त्याचं काय करायचं, ते त्याला कळेना.

गाडीपाशी आल्यावर त्याने सवयीने गाडीभोवती एक चक्कर मारली. चारी चाकं, दोन्ही बाजू, मागचा दिवा.

“चंद्रभानभाऊ, घाई आहे!”

“बत्तीस वर्षं फेरी मारल्याबिगर गाडी काढली नाई, बाई. आत बसल्यावर ड्रायव्हरले आपली गाडी दिसतेच कुठं?”

---

प्रतीक्षा अकोल्यातच राहत होती. चार वर्षांपासून स्किन बनवणारी, अमरीन येईपर्यंत या भागात पहिल्या नंबरची. अमरीन आणि कुर्बान गाडीतच थांबले. प्रतीक्षाने दार उघडलं ते तोंड वाकडं करूनच.

“मी काहून चोरू? माह्यं सोताचं विमान हाय स्पर्धेत. मी तं लिवलं, दोघंबी चोर असतीन.”

“वज्रचं विमान तुमच्याकडे आहे? दाखवता?”

“सगळ्याइचे विमान सगळ्याइले उतरवता येतात.” बोलता बोलता तिने विमान लावलं आणि माउसने गरागरा फिरवायला सुरुवात केली. वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. चंद्रभानला गरगरलं.

“जरा थांबता का?”

“सवय हाय, काका. हे पाहा.” तिने कातडीचा कागद उघडला. विमान सोलून साल पसरावी तसा तो दिसत होता. “डावं अंग सुलटं हाय. उजवं अंग उलटं टांगलं हाय, डोकं खाली. रंगवलं का फिरवून पाहाच लागते, नाई तं फसगत होते. तरी या वज्रचं उजवं अंग गबाळंच हाय.”

चंद्रभानने पुन्हा विमानाकडे पाहिलं. उजव्या बाजूचा ६१ त्याला उगाच हवेत तरंगल्यासारखा वाटला. चष्मा बदलावा लागणार, असं त्याने मनाशी ठरवलं.

“स्पर्धेतला फोटो मात्र चांगला आहे,” सत्यवती म्हणाली.

“तो हँगरमधला. विमान निवडताना जे दिसते, ते. तिथं विमान सदा डाव्या अंगानंच उभं रायते.” प्रतीक्षाने दोघांना दारापर्यंत पोचवलं आणि हळूच विचारलं, “अमरीन कशी हाय?”

“रागात.”

“मंग ठीक हाय.”

---

अमरावतीला पोचल्यावर राजापेठेत गाडी लावायला अर्धा तास गेला. क्लास सुटलेली पोरं, उलट्या दिशेने घुसणाऱ्या स्कूटी, आणि प्रत्येक खांबावर कोणा ना कोणा साहेबाचं दात दाखवणारं फ्लेक्स. याच फ्लेक्सने शहरातल्या शंभर पेंटरांच्या हातातले ब्रश काढून घेतले. कोणी बोंब मारली नाही. कुर्बान आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो.

गोपालचं फ्लेक्स आणि रेडियमचं दुकान रस्त्यालाच होतं. जमिनीवर वाढदिवसाचं ताजं फ्लेक्स पसरलेलं होतं. ‘भाऊसाहेब’ या जाड अक्षरांची सावली डावीकडे लांब पडली होती, आणि तिच्यावरून उडी मारून चंद्रभान आत गेला.

गोपाल खेकसला. “मी चोरलं? बाई, दुकानात काम करते तं तिनं बनवलेलं माह्यंच हाय. चोराची गरज काय?”

“कॉम्प्युटर का पुसलात?”

“व्हायरस आल्ता. चार फ्लेक्स अडकले होते. तिची फाइल त्याच्यात हाय, हे मले काय ठाऊक?”

“अमरीन पुण्याला गेली तर?”

“तं माह्यं दुकान बसते.” त्याने हे लपवलंच नाही. “जाऊ नको म्हनलं मी तिले. तोंडावर म्हनलं.” मग दारातल्या कुर्बानकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो एकदम खुर्ची सोडून उठला. “बसा, उस्ताद.”

कुर्बान त्याही खुर्चीवर बसला नाही.

“यानंच केलं, बाई,” बाहेर आल्यावर चंद्रभान कुजबुजला. “फाइल बी यानंच पुसली, नुसकान बी याचंच.”

“चार थांबे मागे,” सत्यवती म्हणाली.

---

रोहित जवळच गणिताचे क्लास घेत असे. वर्गामागच्या खोलीत त्याने विमानाचं कॉकपिटच उभारलं होतं : दांडा, पेडलं, तीन पडदे. त्याने सत्यवतीला नमस्कार केला, कुर्बानच्या पाया पडला.

“चाचा, मी त्या वज्रले सोडनार नाई. अमरीन म्हंजे माह्या बहिणीसारखी.”

“उडवून दाखवता?”

तो आनंदाने बसला. विमान जमिनीवरून उचललं, ढगात शिरलं, कोलांटी मारून खाली आलं. चंद्रभानने न कळत पायाने ब्रेक दाबला.

“विमान बाहेरून दाखवता का जरा?”

“नाई, मॅडम.” रोहित हसला. “बाहेरून पाहणं लेकरांचं काम. खरा पायलट सोताचं विमान बाहेरून पाहते काय? तीन वर्षं झाले, हवेत मी कॉकपिट सोडलं नाई. कोनालेबी इचारा.”

“अमरीनला निरोप द्यायला शुक्रवार का उजाडला?”

“लाइट नोती दोन दिवस.”

साडेचार झाले होते. चंद्रभान गाडीभोवती फेरी मारू लागला. अमरीनने कपाळाला हात लावला. सत्यवती मात्र या वेळी ओरडली नाही. ती चंद्रभानकडे पाहतच राहिली, तो पुढून मागे गेला, मागून उजव्या बाजूने परत आला, तोवर.

“चंद्रभानभाऊ,” ती म्हणाली, “आज तुम्ही एक थांबा पुढे आहात.”

---

सव्वापाचला गोपालच्या दुकानात सगळे जमले. प्रतीक्षा फोनवर होती. रोहित दाराशी, हाताची घडी घालून.

“गोपालभाऊ, हे फ्लेक्स कोणी बनवलं?”

“मीच.”

“सावली डावीकडे.”

“उस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षं बरश धरला मी. दुसरीकडं पडतच नाई.”

“अमरीनच्या विमानावरही सगळी सावली डावीकडे. वज्रच्या विमानावर ‘अंजनगाव तळ’ची सावली डावीकडे, पण ६१ ची उजवीकडे. प्रोग्रॅममध्ये तयार मिळते ती. एका विमानावर दोन सूर्य. त्यात ६१ खालची धूळही पुसलेली. म्हणजे विमान डाव्या सावलीच्या हाताने रंगवलं, आणि नंबर तेवढा दुसऱ्याने चिकटवला. वज्र नक्कल आहे.”

कुर्बानने पहिल्यांदा श्वास सोडला.

“दुसरा म्हणजे कोण? गोपालभाऊ नाहीत. त्यांचा हात कुर्बानभाईंनी घडवलाय, घाईत तर तो डावीकडेच जाणार. राहिले दोघं.” सत्यवतीने अमरीनला खूण केली. “वज्रचं विमान लाव. आता उजवीकडून दाखव.”

अमरीनने ते विमान आजवर लावलंच नव्हतं, तिची हिंमत झाली नव्हती. तिने ते हळूच वळवलं.

६१ ची सावली आकड्याच्या वर पडली होती. जणू सूर्य जमिनीखालून उगवला होता.

“बाप्पा!” चंद्रभान ओरडला. “म्हंजे चष्मा बरोबर हाय माहा!”

“कागदावर उजवं अंग उलटं टांगलेलं असतं. चोराने आकडा उलटा करून बरोबर बसवला, पण प्रोग्रॅमची सावली कागदाच्या हिशोबाने खालीच पडली. कातडी विमानावर चढली आणि सावली आकड्याच्या डोक्यावर गेली. प्रतीक्षा असं करणार नाही. तिला उलट्या अंगाची खोड माहीत आहे, आणि ती विमान फिरवल्याशिवाय बोलूच शकत नाही. हँगरमध्ये फक्त डावी बाजू दिसते. हवेत बाहेरून पाहिलं असतं, तर ही चूक पहिल्या मिनिटाला सापडली असती. म्हणजे चोर असा, जो विमान रोज उडवतो पण बाहेरून कधीच पाहत नाही.”

फोनमधून प्रतीक्षाचा आवाज आला, “रोहित्या, बे!”

रोहित पडद्याकडे पाहत होता. ती बाजू त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“आयोजकांकडे वज्रचा नोंदणीचा मोबाइल नंबर आहे,” सत्यवती शांतपणे म्हणाली. “नाव दिलं की जुळवायला त्यांना पाच मिनिटं लागतील. का तुम्हीच सांगता?”

“तिचं तिथं जाणं होनारच नोतं!” रोहित एकदम भडकला. “तेवीस वर्षाची पोरगी, चाचा, तुमी एकटी पुण्याले पाठवनार होते काय? वाया जानार होतं सारं. मी गेलो असतो तं कोनाचं नुसकान होतं? तीन वर्षं तिचे विमानं मी उडवले. लोकं म्हनतात, काय रंग हाय! उडवनाऱ्याचं नाव तरी घेते का कोनी?”

सगळ्यात वाईट हे, की हा माणूस खरंच तसं मानत होता. पोरीच्या वतीने सगळं ठरवून टाकणारे असे लोक गल्लोगल्ली आहेत, आणि प्रत्येक जण तिला बहीणच म्हणतो.

अमरीन उठली. ती मारेल असं चंद्रभानला वाटलं. तिने फक्त लॅपटॉप ओढला आणि उजव्या बाजूचा फोटो काढून आयोजकांना पाठवला. खाली सत्यवतीने सांगितलेली चार वाक्यं, आणि रोहितचं पूर्ण नाव.

कुर्बान रोहितपाशी गेला. शर्टाच्या खिशातून त्याने घडी घातलेला कागद काढला. घडीवर रंगाचे ठसे होते.

“वाच.”

बडनेरा ते पुणे. रेल्वेचं तिकीट. दोन जागा.

“तीन हप्ते झाले काढून,” कुर्बान म्हणाला. “मले इचारलं असतं, तं सांगतलं असतं.”

अमरीन कागदाकडे पाहतच राहिली. “अब्बा, मी जितली नसती तं?”

“तं पुनं पाहून वापस आलो असतो.”

पाच वाजून बावन्न मिनिटांनी उत्तर आलं. वज्र बाद. नंबर २७ स्पर्धेत कायम, निकाल मंगळवारी. कुर्बानने खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदा बसला. गोपाल डोळे पुसत चहा सांगायला बाहेर पळाला. रोहित कधी निघून गेला ते कोणी पाहिलं नाही.

चंद्रभान गाडीपाशी आला. मागून सत्यवती आली, दार उघडून बसणार तोच थांबली, आणि त्याच्याबरोबर गाडीभोवती चालू लागली. डावी बाजू, मागचा दिवा, मग उजवी.

“इथं खोक हाय, बाई,” चंद्रभान उजव्या दारावर बोट ठेवून म्हणाला. “राजापेठेत कोनीतरी घासून गेलं.”

“कधी?”

“ते तुमी शोधा.”