दोन हजार तीनशे ओहम

थाप वाटत असेल तर आमच्या थोरल्या मामांना विचारा. विषय काढताच ते उठून जातील, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.

भुतं रात्रीच येतात असं थोडंच आहे? रविवारची भरदुपार होती. बंद पडलेल्या एका लॉन्ड्रीत दोन्ही मामा वायरिंग तपासत होते. दोघेही वायरमन, आणि दोघांचा एक नियम. जो तारेला हात लावणार, त्यानंच फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. मग लाइन चुकूनही चालू होत नाही.

त्या दिवशी धाकटे मामा मागच्या खोलीत तेलकट हात साबणाने धूत होते. तिथूनच ओरडले, "दादा, माझे हात ओले आहेत. फ्यूज तूच काढ, मी तारा जोडायला घेतो!"

"काढतो रे!"

पण पुढे फ्यूजपाशी उभ्या थोरल्यांना वाटलं, काढण्याआधी लाइन तपासू. मिनिटभराचं तर काम.

व्होल्टेज दोनशे तीस. मागच्या खोलीत ना मशीन, ना दिवा. तारांची टोकं मोकळीच लोंबत होती. म्हणजे करंट शून्य हवा.

मीटरवर आकडा आला... शून्य पूर्णांक एक अँपिअर.

"उंदीर-बिंदीर चिकटला की काय!" थोरले पुटपुटले आणि सवयीने तोंडी हिशोब करू लागले. व्होल्टेज गुणिले करंट, तेवीस वॉट. एवढ्याशा पॉवरचं तिथं काहीच नव्हतं.

व्होल्टेज भागिले करंट... दोन हजार तीनशे ओहम.



ओल्या हातांनी दोन्ही तारा धरलेल्या माणसाचा रेझिस्टन्स साधारण एवढाच भरतो.

"बारक्या!"

"काय रे दादा?"

आवाज पाठीमागून आला. धाकटे पक्कड न्यायला आले होते. हातांवर अजून फेस होता.

मीटरवरचा आकडा मात्र तसाच...

मग तारा धरल्या होत्या कोणी?

मागच्या खोलीत जमिनीवरच्या पत्र्यावर टाचा आपटू लागल्या... भराभर...

थोरल्यांनी झडप घालून फ्यूज उपटला.

टाचा थांबल्या. काहीतरी जड जमिनीवर कोसळलं.

दोघे धावले. खोलीत चिटपाखरू नव्हतं. तारा एकमेकींपासून हातभर अंतरावर लोंबत होत्या.

"मी आत्ता ह्याच धरणार होतो," धाकटे म्हणाले. "तू फ्यूज काढलायस असं समजून."

थोरल्यांना रडू कोसळलं. "मारलंच होतं रे मी तुला!"

त्यांना हसवायला म्हणून धाकट्यांनी मीटरच्या दोन्ही पिना फेसाळ हातांत घट्ट धरल्या. "बघ तरी, तुझा भाऊ किती ओहमचा आहे!"

दोन हजार तीनशे.

तो फ्यूज थोरल्यांनी परत बसवला नाही. तेव्हापासून तो त्यांच्याच खिशात असतो. अधूनमधून गरम होतो म्हणे. मग हातातलं काम टाकून ते धाकट्यांना फोन लावतात. आम्ही त्यांच्या माघारी हसायचो.

काल दुपारी जेवताना त्यांनी खिशाला हात लावला... आणि झटक्यात मागे घेतला. फोन स्पीकरवर टाकला.

"बारक्या, कुठं आहेस?"

"घरात, अंथरुणात. एकटाच आहे. कामावर गेलोच नाही. का रे दादा?"

आमचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात धाकट्यांच्या मागून आवाज आला... पत्र्यावर टाचा आपटल्याचा... भराभर...

थोरले मामा भरल्या ताटावरून उठले ते थेट त्यांच्याकडे गेले. अजून तिथेच आहेत, धाकट्यांना एकटं सोडायला तयार नाहीत.